पाण्याआधीचा अहवाल

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर अहवालबाबा एकेकाचा रक्ततपासणीचा कागद उंच धरून ओरडत होते, "वाचा! एचआयव्हीचा विषाणू आढळला नाही! डॉक्टर म्हणाले, जन्मभर गोळ्या खा. आम्ही म्हणालो, सात बाटल्या पाणी प्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणी नळाचंच होतं. नळ मंचामागच्या भिंतीलाच होता, पण तिकडे बघतो कोण?

पंचाईत ही, की कागद खरे होते. ते आमच्याच प्रयोगशाळेतून निघत आणि त्यांवर सही माझी असे.

त्यांतला एक माझ्या दादाचा. दादा वेल्डर. दीड वर्षं त्यानं रोज गोळी घेतली, तीही कुणाला कळू नये म्हणून वेल्डिंगच्या काड्यांच्या डब्यात लपवून. मग बाबांनी त्याला गाठलं. बाबांची अट मोठी चलाख: "आधी सहा महिने गोळ्या खा, त्याशिवाय आमचं पाणी लागू पडत नाही." सात बाटल्या संपल्या, अहवाल स्वच्छ आला आणि दादानं गोळ्या बंद केल्या. मला पत्ताही लागू दिला नाही. मी आकांडतांडव केलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

काही महिन्यांत त्यानं अंथरूण धरलं. छातीत क्षय आणि रक्तात विषाणू लाखांच्या घरात.

"तुझं मशीन खोटं बोललं का रे?" त्यानं विचारलं.

"नाही दादा. मशीन रक्तात फिरणारा विषाणू मोजतं. पेशींत झोपलेला त्याला दिसत नाही."

"मग गोळी काय करते?"

"विषाणू कडीला कडी जोडत स्वतःची नक्कल बनवतो. गोळी त्याच्या हातात बनावट कडी देते. तिला पुढची कडी जोडताच येत नाही आणि नक्कल अर्धवट राहते. गोळी थांबली की झोपलेले उठतात."

"सांधाच धरत नाही म्हण की," वेल्डर हसला आणि खोकत राहिला. मग म्हणाला, "हे आधी सांगायचंस ना."

खरं होतं त्याचं. दर वेळी मी नुसतं "छान आहे, चालू ठेव" म्हणायचो. माझी मलाच लाज वाटली.

वहिनीनं काड्यांच्या त्याच डब्यातून एक जुना अहवाल काढला. तारीख पहिल्या बाटलीच्या दोन महिने आधीची, आणि शेरा तोच: आढळला नाही. दादानं दोन्ही अहवाल शेजारी ठेवून तारखा वाचल्या.

"जा, सगळ्यांना दाखव. माझं नाव घेऊन सांग. आता कसली लपवाछपवी?"

तिसऱ्या दिवशी तो गेला.

म्हणून मी गोदामात आलो होतो. मंचावर चढून दोन्ही कागद धरले. "हा माझा सख्खा भाऊ. हा अहवाल पाण्यानंतरचा, हा पाण्याआधीचा. दोन्ही सारखेच. मग पाण्यानं केलं काय?"

"त्याची श्रद्धा कमी पडली!" बाबा गरजले.

"श्रद्धा भरपूर होती हो. गोळ्या कमी पडल्या. एकही गोळी न खाता नुसत्या पाण्यानं ज्याचा अहवाल स्वच्छ आला, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "मी दोन महिन्यांपूर्वी सोडल्यात. उशीर झाला का?"

"नाही ताई. आत्ताच डॉक्टरांकडे चला, मी येतो बरोबर."

तुम्हालाही तेच सांगतो. अहवाल स्वच्छ आला, तर गोळी काम करतेय असं समजा आणि म्हणूनच ती सोडू नका. शंका आली तर विचारा, दहादा विचारा. दादानं एकदा विचारलं असतं किंवा मी न विचारता सांगितलं असतं, तर आज माझा भाऊ जिवंत असता.