कुंकू ओढणारं पाणी

"हलू नका कुणी! आई हात पसरतीय!"

हरिबा महाराजांनी कालवलेल्या कुंकवाची पळी शिडीजवळ अलगद पाण्यात वाकवली आणि बलभीम अण्णांच्या पोहण्याच्या तलावाभोवती उभ्या असलेल्या गर्दीनं श्वास रोखला. सकाळची वेळ, झाडाचं पान हलत नव्हतं, पाणी झोपलेलं. आणि तरी कुंकू चाललं. आधी नुसतं लांबलं, मग त्याची लाल रेघ झाली. ती रेघ वळली, शिडीच्या पायाशी उतरली आणि निळ्या भिंतीत शिरून दिसेनाशी झाली.

"आईचा उदो उदो!"

बायकांनी पदर पसरले. एका म्हाताऱ्यानं चप्पल काढून तिथंच लोटांगण घातलं. मोबाइल वर झाले. नळदुर्गच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून असलेल्या या जागेत आजवर लोक हुरडा खायला येत, उन्हाळ्यात पोरं डुंबायला येत. आता ट्रकवाले ट्रक थांबवून नारळ फोडू लागले होते.

खरी बातमी काय होती? जुना कागद गळत होता. बस्स. या तलावाला आतून निळा कागद लावलेला, फरशीचं चित्र छापलेला जाड प्लास्टिकचा, शेततळ्याला असतो त्याचाच शहरी भाऊ. किती उन्हाळे त्यानं अंगावर घेतले! काठावर पापडासारखा कडक झालेला, पाण्याच्या रेषेशी सुरकुतलेला, रंग उडालेला. टँकर ओतावा, दुसऱ्या दिवशी पाणी उतरलेलं. पण कागद गळतो म्हटल्यावर गर्दी जमत नाही. गर्दी जमायला देवी लागते, आणि देवीला बोलतं करायला हरिबासारखा माणूस लागतो.

आणि हरिबा काय बोलत होता!

"हितं जमिनीखाली साती आसरांचा ठाव हाय. पाण्यातल्या सात बहिणी! त्यांच्या डोक्यावर तुमी प्लास्टिक आंथरलं! बरं, आंथरलं ते आंथरलं. वरून पाण्यात उतरवलं कुणाला? पोरींना! विटाळशी हाय का न्हाय, कोण बघतंय? अन् शिकवणारी कोण, ते म्या बोलत न्हाय. ज्याला समजायचं त्याला समजलं."

समजलं सगळ्यांना. वृषालीबाई, आबारावांची लेक, नळदुर्गच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. आबारावांचं घर बुद्धविहाराला लागून. हरिबानं जातीचा शब्द तोंडातून काढला नाही. असली माणसं शब्द काढत नाहीत. कायदा त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतो. ते नुसती मान वळवतात आणि बाकीचं काम आपण करतो.

पण त्यानं खरा घाव घातला तो अण्णांच्या बायकोवर, सत्यभामाकाकूंवर.

अण्णा आणि काकूंची धाकटी नात आरोही. मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या शेततळ्यात गेली. काठाशी बसून ओंजळीनं पाणी उडवत होती, ओल्या कागदावरून घसरली. काठावर बायका होत्या, गडी होते. सगळे ओरडले. कुणी उतरलं नाही, कारण कुणालाच पोहता येत नव्हतं. दहाव्याला वृषालीबाई अण्णांकडं आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमचा तलाव सकाळी रिकामाच असतो. गावातल्या पोरींना पोहायला शिकवते. तुमच्या राजनंदिनीपासून सुरुवात करू."  अण्णांनी फाटकाची किल्ली पुढं केली.

तेव्हापासून पोरी शिकत होत्या. आरोहीची थोरली बहीण राजनंदिनी तर आता तलावाची लांबी श्वास न सोडता कापायची.

आणि हा हरिबा काकूंच्या कानाशी लागून म्हणाला, "आज्जी, ती कुंकू ओढून घेती ना, ती तुमची नात हाय. आसरांनी नेलीय तिला. तहानलीय बिचारी. रोज पाणी पिती म्हणून तलाव उतरतोय."

झालं. त्या माउलीनं तलावाचा काठ धरला. रोज ताटातला घास काढून पायरीवर ठेवायची. महाराज सांगतील तशा हिरव्या काचेच्या बांगड्या शिडीच्या पायाशी सोडायची. आरोहीच्या मनगटाच्या, लहान मापाच्या. आणि पाण्याकडं बघत, जात्यावर बसल्यागत हलत म्हणायची:

निळ्या गं पाण्यामंदी, माझी मैना ती खेळती
आज्जीच्या हाकंला, कशी मागं ना वळती

माणसाच्या दुःखावर दुकान मांडणाऱ्याला काय म्हणावं? भामटा हा शब्द फार सोज्वळ आहे.

मंगळवारचा उतारा ठरला. पाणी आईच्या नावानं सोडायचं, पोरींनी पुन्हा कधी पाय लावायचा नाही, आणि बाईंनी चारचौघांत नाक घासून माफी मागायची. अण्णांनीच हा निरोप बाईंना दिला, खाली बघत.

"येते मी," बाई म्हणाल्या. "पण अण्णा, सोमवारी एक बादली तलावाच्या पायरीवर ठेवू द्या. तलावाच्याच पाण्यानं भरलेली."

"बादलीनं काय हुणार, बाई?"

"काही नाही. साक्षीला."

मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हरिबा पाटावर बसलेला, गळ्यात माळांचा भारा. बाई पंजाबी ड्रेसवर ओढणी घट्ट बांधून आल्या, हातात कापडी पिशवी. राजनंदिनी आजीला चिकटून उभी होती, डोळे सुजलेले.

"घासा नाक," हरिबा म्हणाला.

"घासते की. आधी बादली बघू या." बाई पायरीवर उतरल्या. "काल बादलीत आणि तलावात, दोन्हीकडं पाण्याला खडूनं रेघ मारली होती. अण्णा, बघा. बादलीतलं किती उतरलं?"

अण्णा वाकले. "बोटाच्या कांडाएवढं बी न्हाय."

"तलावातलं?"

अण्णांनी हात घातला. "वीतभर."

"ऊन दोघांवर सारखंच पडलं. मग आसरांनी बादलीला तोंड का लावलं नाही?"

"आई काय बादलीत पिती व्हय!" हरिबा खेकसला. दोन-चार जण हसले. पण टँकर चालवणारा महांतप्पा हसला नाही. तो बादलीकडं बघत राहिला.

"बरं. आता कुंकू." बाईंनी काठावरची पळी उचलली.

"ए! तुझ्या हातानं न्हाय जायचं ते! शुद्ध हात लागतो!"

"मग तर फारच सोपं. माझ्या हातानं गेलं नाही, तर लगेच नाक घासते." बाई तलावाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात गेल्या. पळी वाकवली. कुंकवाचा ढग जागच्या जागी फुगला आणि सावकाश खाली बसला.

"बघितलं?" हरिबा गरजला. "आईनं झिडकारलं!"

"थांबा. आता शिडीपाशी." तोच हात, तीच पळी. कुंकवाची रेघ झाली, वळली, भिंतीत शिरली. गर्दीत कुजबुज पसरली. बाईंनी पिशवीतून निळ्या शाईची बाटली काढली. शाई सोडली. तीही तशीच वळली, तशीच शिरली. "आईला शाईसुद्धा चालते. महाराज, तुम्ही कायम शिडीपाशीच का बसता हो? आईला बाकी तीन बाजू नाहीत?"

"तिथं तोंड हाय तिचं!"

"हे खरं बोललात," बाई म्हणाल्या. "तोंड तिथंच आहे." आणि त्यांनी पाण्यात सूर मारला.

बायका किंचाळल्या. बाई वर आल्या तेव्हा मुठीत हिरव्या काचा होत्या आणि तळहातातून रक्त येत होतं.

"शिडीच्या पायाचं रबरी बूट झिजून पडलंय. लोखंडानं घासून घासून कागदाला भोक पाडलं. पाणी तिथून भिंतीमागं जातं. या भर उन्हाळ्यात तलावामागं तेवढाच एक हिरवा पट्टा आहे, कुत्री जाऊन लोळतात तिथं. कुणी विचारलं नाही, हा ओलावा कुठला? आणि या काचा. काकूंच्या हातून तुम्ही ज्या बांगड्या सोडायला लावल्या त्या शिडीखाली चिरडल्या आणि त्यांनी भोकाशेजारी आणखी चिरा पाडल्यात. जितकी भक्ती, तितकी गळती. हो ना, महाराज?"

हरिबा उठून उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडं पाठ फिरवली. अण्णांच्या गोदामात पडून असलेला जुन्या कागदाचा तुकडा त्यांनी पिशवीतून काढला. सोलापूरहून आणलेली, पाण्याखाली धरणाऱ्या सोल्युशनची नळी काढली. कात्रीनं चौकोनी ठिगळ कापलं.

आणि इथं हरिबाला राहवलं नाही. समोरची बाई चुकतेय हे दिसल्यावर तो छाती फुगवून हसला.

"चौकोनी लावतीस व्हय? अगं, कोपरे उचलतेत! गोल कापावं लागतंय ठिगळ. एवढं बी ठावं न्हाय, अन् निघाली आईचं तोंड बुजवायला!"

बोलून गेला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. 

बाईंनी ठिगळाचे कोपरे कापून ते गोल केलं. "बरोबर सांगितलंत. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण महाराज, आसरांच्या तोंडाला गोल ठिगळ लागतं, हे कुठल्या पोथीत आहे?"

महांतप्पा गर्दी सारून पुढं आला. त्यानं हरिबाचा हात धरून उलटा केला. बोटांवर भाजल्याचे जुने वण होते.

"हे धुनीचे चटके म्हणत हुता न्हवं? म्या गावोगाव शेततळ्यांवर टँकर नेतो. गरम यंत्रानं कागदाला कागद जोडणाऱ्या पोरांच्या बोटांवर असलेच डाग बघितलेत. कंच्या टोळीत हुता, महाराज? बोला की! आई बोलती, तुमी का गप्प?"

हरिबा पुटपुटला, "लई वर्सं झाली... परंड्याकडं..."

हाच तो क्षण, ज्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. या माणसाला माहीत होतं! भोक कसं शोधायचं, रंग सोडून कसं हुडकायचं, ठिगळ कसं लावायचं, सगळं त्याच्या हातात होतं. पहिल्याच दिवशी त्यानं म्हणायचं होतं, "अण्णा, शिडीपाशी फाटलंय, अर्ध्या तासाचं काम आहे." मानानं जेवला असता. त्याऐवजी त्यानं आपल्या हातातलं शहाणपण लपवलं आणि एका आजीला मेलेली नात विकली.

बाई पुन्हा पाण्याखाली गेल्या. श्वासाला वर, पुन्हा खाली, भोकावर एक ठिगळ, चिरांवर एक. मग ओल्या केसांनी काठावर आल्या आणि पळी हरिबाच्या हातात दिली.

"तुमचाच शुद्ध हात. घाला कुंकू. शिडीपाशीच."

त्यानं पळी वाकवली. कुंकू पडलं. फुगलं. राहिलं. कुठंच गेलं नाही, हळूहळू खाली बसत गेलं.

"आई जेवून उठली वाटतं!" मागून कुणी तरी ओरडलं आणि हशा फुटला. त्या दिवशी लोटांगण घालणारे आजोबा चप्पल शोधू लागले.

हसल्या नाहीत त्या सत्यभामाकाकू. त्या पायरीवर बसल्या, त्या काचेच्या तुकड्यांपाशी.

"बाई... मग माझी आरोही? न्हाय तिथं?"

वृषालीबाई त्यांच्याशेजारी बसल्या. ओला हात काकूंच्या हातावर ठेवला. त्या हाताचा कुणाला विटाळ झाला नाही.

"नाही, काकू. ती तहानलेली नाही, आणि कुणी तिला नेलंही नाही. कागदावर शेवाळ होतं. धरायला दोर नव्हता. काठावर कुणाला पोहता येत नव्हतं. एवढंच झालं. आणि एवढं टाळता आलं असतं, म्हणून मी येते इथं."

काकू रडल्या. वर्षभर अडवलेलं रडणं ते. मग उठल्या, काष्टा खोचला आणि चालत हरिबापुढं गेल्या.

"माझ्या लेकराच्या तोंडून पाणी मागत हुतास रं तू?" एवढंच म्हणाल्या. त्याच्या गळ्यातल्या माळा त्यांनी ओढल्या, तसे मणी फरशीवर उड्या मारत गेले. अण्णांनी हात उगारला, तो बाईंनी धरला. "मारायचं नाही, अण्णा. जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलिसांना बोलवा. सगळे साक्ष द्या. उदो उदो म्हणायला आला होतात तेवढेच सगळे."

कागद फाटला तर ठिगळ लावा, फारच जुना झाला तर बदला. ठिगळ काही जन्मभर टिकत नाही. पण पाणी उतरलं की आधी भोक शोधा, बाई शोधू नका. तिचा विटाळ, तिची जात, तिचं घर शोधू नका. देवीला तहान लागत नाही. तहान लागते ती तिच्या नावानं हात पसरणाऱ्याला. तुमच्या शिवारात जिथं जिथं निळं-काळं तळं चमकतंय तिथं आज कुंपण घाला, गाठी मारलेला दोर सोडा, हवा भरलेली ट्यूब टांगा. आणि लेकरांना पोहायला शिकवा, पोरींना आधी, कारण त्यांना कुणी विहिरीत उतरू दिलेलं नसतं.

दुसऱ्या सकाळी पाणी ठिगळ लावल्यावर मारलेल्या खडूच्या नव्या रेघेशीच होतं. तळाच्या काचा वेचून झाल्यावर काकूंनी स्वतः फाटक उघडलं आणि राजनंदिनीच्या पाठीवर हात ठेवला.

"उतर, माय. म्या हितंच हाय."

पोरगी पाण्यात शिरली. काठावर बसून आजी पुन्हा हलायला लागली, पण ओवी बदलली होती:

निळ्या गं पाण्यामंदी, माझी नात हात मारी
आज्जीच्या हाकंला, येते वळून माघारी

आणि आजीनं हाक मारली, तशी ती खरंच वळून आली.