मडिवाळप्पांच्या वतीने

आमच्या उदगीरच्या सेवा क्लबची बैठक दर गुरुवारी संध्याकाळी भरते. ती सुरू कशी होते यापेक्षा संपते कधी, याचीच मला काळजी असायची. अध्यक्षांनी टेबलावरच्या पितळी घंटेवर लाकडी हातोडी मारली की बैठक सुरू, पुन्हा मारली की संपली. आभारप्रदर्शन झाल्याशिवाय ती दुसरी घंटा नाही आणि घंटेशिवाय कोणी उठायचं नाही, असा आमचा नियम. माझं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक सोडून आलेल्या माणसाचा जीव दुसऱ्याच्या भाषणात रमत नाही. त्यात आभार मानायचं काम होतं मडिवाळप्पांकडे.

मडिवाळप्पा मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले अडते. ते सौदा पुकारायला उभे राहिले की पत्र्यावरची कबुतरं उडायची. क्लबात त्यांच्यापुढे कोणी माइक ठेवला तर ते तो बाजूला सरकवायचे. आवाज एवढा दांडगा, आणि मनात भीती एकच, की कोणाचं नाव राहून जाईल. आधी वक्त्यांचे आभार, मग चहा देणाऱ्या गुरुबसप्पाचे, मग खुर्च्या पाठवणाऱ्या मंडपवाल्याचे. वीज गेली नाही तर वीजवाल्यांचे आणि गेली तर अंधारात बसून राहिलो म्हणून आमचे. अध्यक्षांनी घंटेवर हळूच टकटक केली तर अप्पा घंटेचेही आभार मानायचे. शेवटी हात जोडून, लिंगायतांच्या नमस्काराच्या रीतीने, "सर्वांना शरणु शरणार्थी" म्हणाले की मी पायाने चप्पल चाचपायला लागायचो.

मग एकदा त्यांचा घसा बसला. दोन आठवडे सुटका झाली, अशी आम्ही थट्टाही केली. घसा काही उघडला नाही. तपासण्या झाल्या, हैदराबादला नेलं, आणि जीव वाचवायला डॉक्टरांना स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. गळ्याच्या खाली एक भोक ठेवलं, त्यातून श्वास. तोंडातून मात्र आवाज गेला तो गेला. अडत धाकट्या भावाने हातात घेतली आणि अप्पा घरात बसले. आम्ही भेटायला गेलो की त्यांच्या पत्नी शिवम्माकाकू चहा द्यायच्या. अप्पा भिंतीकडे बघत राहायचे. लिहून बोलावं म्हणून कोणी पाटी आणून दिली होती, ती त्यांनी पालथी घालून ठेवली होती.

क्लबात प्रश्न आला, आता आभार कोणी मानायचे? अप्पांची जागा दुसऱ्याला देऊन टाकायचा धीर कोणालाच होईना. आमच्या अध्यक्षा डॉक्टर मंजुश्रीमॅडम यांनी तोड काढली. नाव अप्पांचंच पुकारायचं आणि औषधाच्या दुकानवाल्या उमाशंकरने उभं राहून म्हणायचं, "मडिवाळप्पांच्या वतीने मी आभार मानतो." पहिल्या गुरुवारी हे ऐकताना सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढे सवय झाली. मॅडम नाव पुकारायच्या, उमाशंकर उठायचा, दोन वाक्यांत आटपायचा, घंटा वाजायची. मी वेळेवर दुकानात पोचायला लागलो. त्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही होत नव्हता.

वर्ष होत आलं असेल. मे महिन्यातल्या एका गुरुवारी अप्पा दारात उभे! कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, गळ्याभोवती उपरणं, मागे शिवम्माकाकू. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. काकूंनी मॅडमना दाराशीच थांबवलं. हैदराबादच्या शिकवणाऱ्या बाईंनी अप्पांना हवा गिळून, ती ढेकरेसारखी वर आणून बोलायला शिकवलं होतं. एका दमात एखादा शब्द निघायचा, तोही मेहनतीने.

"घरात माझ्यासंगं बोलून राहिलेत, मॅडम," काकू म्हणाल्या. "पण दारात मानूस आला की तोंड बंद. बाई म्हन्ल्या, लोकांत बोलले न्हाईत तर आलेला आवाज बी ऱ्हायचा न्हाई. आज कसंबसं आनलंय. नुसतं बसू द्या. बोला म्हनू नका कोनी. भ्याले तर पुन्हा घराच्या भाईर पडायचे न्हाईत."

मॅडमनी ते हळू आवाजात सगळ्यांना सांगितलं. आम्ही माना डोलावल्या. अप्पांना उमाशंकरच्या शेजारची खुर्ची दिली आणि त्यांच्याकडे कोणी टक लावून बघायचं नाही, असं सगळ्यांनी मनाशी ठरवलं. त्या दिवशीचे वक्ते शिरूर अनंतपाळचे शेषेराव, माती परीक्षणावर बोलणार होते. ते बोलले. मी एक शब्द ऐकला नाही, इतरांनीही ऐकला नसावा. सगळ्यांचं लक्ष न बघता अप्पांवरच होतं.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि दर गुरुवारच्या सवयीने म्हणाल्या, "आता आभारप्रदर्शन. मडिवाळप्पा."

आणि दर गुरुवारच्या सवयीने उमाशंकर उठला. "मडिवाळप्पांच्या वतीने मी..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडातच राहिला. ज्यांच्या वतीने तो बोलत होता ते त्याच्या कोपराला लागून बसले होते. उमाशंकरचं तोंड पांढरं पडलं. मॅडमचा हात हातोडीकडे गेला, घंटा वाजवून एकदाचं हे संपवून टाकावं म्हणून. शिवम्माकाकूंनी डोळे मिटून घेतले. मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

अप्पांनी उमाशंकरच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं. मग ते उठले. टेबलापाशी गेले. जुन्या सवयीने त्यांनी माइक बाजूला सरकवला. क्षणभर थांबले आणि तो परत पुढे ओढला.

त्यांनी हवा गिळली. ओठ हलले, काही ऐकू आलं नाही. पुन्हा गिळली. या वेळी काहीतरी आलं, पण वरच्या पंख्यांनी ते खाऊन टाकलं. कोणी सांगायच्या आधी मी उठलो आणि पंखे बंद केले. मग कूलरही. मे महिन्यातलं उदगीर, पत्र्याचा हॉल. घाम मानेवरून पाठीत उतरला, पण कागदाने वारा घ्यायलासुद्धा कोणाचा हात उठला नाही.

"आजचे," अप्पा म्हणाले.

तो त्यांचा आवाज नव्हता. जाडा, खरखरीत, खोल विहिरीत बादली आपटल्यासारखा होता. पण शब्द स्पष्ट होता.

"वक्ते." त्यांनी हवा गिळली. "शेषेरावजी." पुन्हा गिळली. "माती... भुकेली... आहे... म्हणाले."

म्हणजे भाषण त्यांनी ऐकलं होतं. आमच्यातल्या एकट्या त्यांनीच! शेषेराव हात जोडून उभे राहिले ते बसलेच नाहीत.

अप्पा ठरलेल्या क्रमाने पुढे निघाले. गुरुबसप्पा. तो चहाची किटली धरून दारात उभा होता, त्याने ती खाली ठेवली. मग मंडपवाला. मग वीज. एकेक शब्द आधी गिळायचा आणि मग वर आणायचा. कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती. आम्ही सगळे व्यापारी. दोन मिनिटं श्रद्धांजलीला उभे राहिलो तरी कोणाचा तरी फोन वाजतो. तेच आम्ही श्वास धरून बसलो होतो. एवढी वर्षं या माणसाने शब्द उधळले आणि मी चप्पल चाचपत बसलो. त्या दिवशी एकेक शब्द येताना बघत होतो आणि वाटत होतं, बोलणं ही एवढी मोठी गोष्ट आहे होय! याच्याहून मोठं मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

मग ते उमाशंकरकडे वळले.

"वर्षभर... हा... माझ्या... वतीने... बोलला." मोठा थांबा पडला. "आता... माझं... मी."

उमाशंकर लहान पोरासारखा रडायला लागला. काकूंनी डोळे उघडले होते.

एवढ्यात अप्पांची नजर घंटेकडे गेली आणि ते कचरले. वेळ फार झाला, आता टकटक होणार, अशी जुनी धास्ती. मॅडमनी हातोडी उचलली, टेबलाचा खण उघडला, आत ठेवली आणि खण लावून टाकला.

अप्पांनी हात जोडले. "सर्वांना," ते म्हणाले. "शरणु."

इथे हवा संपली. त्यांनी गिळली, ओठ हलले, काही आलं नाही. पुन्हा गिळली. काही नाही. पुढचा शब्द हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ होता, माझ्याही जिभेवर आला होता. उमाशंकरचं तोंड उघडलं आणि त्याने स्वतःच्याच हाताने ते दाबून धरलं. कोणी बोललं नाही. आम्ही थांबलो. घाम टिपायचंही सुचत नव्हतं. थांबलो.

"शरणार्थी," अप्पा म्हणाले.

नंतर कोण कधी उठलं, कोणी पंखे लावले, मला आठवत नाही. दुकान त्या दिवशी बंदच राहिलं. खण उघडून हातोडी काढायचं मात्र कोणाच्याच ध्यानात आलं नाही. तेव्हा नियमाने पाहिलं तर त्या गुरुवारची आमची बैठक अजून संपलेली नाही.