डावीकडे झुकलेलं टोक

वाळवंटाकाठच्या एर्फूदच्या बाजारात तुदाच्या जिभेला सगळे टरकून असत. बाई भांडखोर होती असं नाही. कुणी डायनोसॉरचं दगड झालेलं हाड किंवा नख आणून समोर ठेवलं की ती आधी त्याला जिभेचं टोक लावायची. खरं जुनं हाड जिभेला धरून ठेवतं, चुरा आणि गोंदाचं केलेलं धरत नाही. मग तापलेली सुई टेकवून वास घ्यायची आणि समोरच्याच्या तोंडावर सांगायची, "नख खरं आहे बाबा, पण बोटाचं हाड सुसरीचं. या दोघांचं लग्न तू कालच लावलंयस." माणूस हसून चहा सांगायचा, कारण रागावून उपयोग नव्हता. तिनं नाही म्हटलेलं नख कासाब्लांकाचे व्यापारीही उचलत नसत.

आता खरं सांगायचं तर या गावात मोडकं नख मोडकं म्हणून कुणीच विकत नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून खणणारे जे नख आणतात, त्याचं टोक दहापैकी नऊ वेळा गेलेलंच असतं. मग कारागीर त्याच बोगद्यातल्या हाडांचा चुरा गोंदात कालवतो, टोक बसवतो आणि वरून लाल धूळ चोळतो. याला इथे फसवणूक म्हणत नाहीत, नख पुरं करणं म्हणतात. विचारलं तर सांगायचं, न विचारता सांगायचं नाही, एवढाच काय तो नियम. दुसरा एक दंडक मात्र सगळे पाळतात. जो पारखतो, त्यानं पुरं करायचं नाही. पाच वर्षांपूर्वी तुदानं पारख सुरू केली, त्याच दिवशी चुऱ्याचा डबा जावेला देऊन टाकला.

त्याआधीची चार वर्षं ती नखं पुरी करायची, आणि त्याच्याही आधी तिचा नवरा यिदिर. यिदिरसारखा हात आसपासच्या गावांत नव्हता. बोगद्यात दगड पडून त्याच्या उजव्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं होतं. टोक ओलं असताना त्याला ते दोन बोटांत नीट धरता येत नसे. अंगठ्याचा दाब जास्त पडायचा आणि टोक केसभर डावीकडे झुकायचं. गिऱ्हाइकाला ते दिसत नसे, तुदाला दिसायचं. ती समोर बसून चुरा चाळायची आणि त्याच्या हातांकडे बघत राहायची, चहा गार होईस्तोवर.

नऊ वर्षांपूर्वी तो स्पेनला जाणाऱ्या नावेत बसायला म्हणून दाख्ला बंदराकडे गेला. पोचलो की फोन करतो, म्हणाला होता. फोन आला नाही. नाव बुडाल्याचं कुणी सांगितलं नाही आणि पोचल्याचंही नाही. तेव्हापासून तुदा रोज त्याची वाट बघत होती, आणि बघतेय हे कुणाला कळू देत नव्हती.

धाकट्या दिराला, हद्दूला, हे आता संपवायचं होतं. तो वाईट नव्हता. कोर्टातून यिदिर वारल्याचा कागद घ्यावा, त्याच्या नावानं कुराण वाचून घ्यावं, गल्लीला जेवू घालावं, एवढंच त्याचं म्हणणं. "वहिनी, तो मुसलमानाचा पोर आहे. त्याच्या नावानं दुवा मागायला कुणी हातसुद्धा वर करायचे नाहीत का?" असं तो विचारायचा. बायको म्हणून सही तिचीच लागणार होती. महिनाभर हो-नाही करून तिनं शेवटी मान हलवली. येत्या गुरुवारची तारीख मिळाली.

मंगळवारी रिस्सानीचा बाजार उरकून बासीदी आला. हा फिरता दलाल. बसतानाही एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवायची त्याची सवय. त्यानं फडक्यातून वीतभर लांबीचं नख काढलं. अगादीरच्या कुणा दुकानदारानं दुकान मोडलं, त्याच्या पेटीत मिळालं, म्हणाला. पायाचं म्हणून घेतलंय, हाताचं तर नाही ना, तेवढं बघ. तुदानं नख उलटं केलं. हाताच्या नखाला खाली बुडाशी गाठ असते. याची खालची बाजू सपाट होती. पायाचंच आहे, असं तिनं सांगितलं. मग बाजूच्या खोबणीवरून तिचं बोट पुढे सरकत गेलं आणि शेवटाशी थांबलं. टोक केसभर डावीकडे झुकलेलं होतं.

चेहरा तिनं जाग्यावर ठेवला, तेवढी बाजारातली सवय होती. दोन दिवस नख ठेवून जा, म्हणाली. बासीदी कुरकुरला, "तुदाबाई, तुझा निकाल तर चहाला उकळी यायच्या आत लागतो. आज काय झालं?" पण ठेवून गेला.

यिदिरचं जुनं काम असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. त्यानं शेकडो नखं पुरी केली होती, त्यातलं एखादं फिरून यायचंच. पण एक गोष्ट तपासता येत होती. यिदिर होता तोवर गावात एकच गोंद मिळायचा, आणि पारखीच्या निळ्या दिव्याखाली तो पिवळा दिसतो. तो गेल्याच्या पुढच्या वर्षी नवा गोंद आला, तो पांढराफेक उजळतो. आजवर तुदानं तो दिवा खोटं पकडायला पेटवला होता. त्या भर दुपारी ती अंधारासाठी घोंगडीखाली शिरली आणि अल्लाकडे एकच मागू लागली, की हे टोक ताजं निघू दे.

टोक दुधासारखं पांढरं उजळलं.

ती घोंगडीखालीच रडली, श्वास कोंडेपर्यंत. तो जिवंत होता. कुठेतरी असाच मांडी घालून बसून, त्याच थोट्या बोटानं आणि त्याच अंगठ्यानं त्यानं हे केलं होतं. मग तिला संताप आला. अगादीरपर्यंत त्याचा माल येतो आणि तो येत नाही? दुसरी कुणी केली असेल का? पोरं झाली असतील का? तिनं मनातल्या मनात त्याला इतकं फैलावर घेतलं की तिचीच तिला गंमत वाटली. नऊ वर्षांत यिदिरवर असं मोकळेपणानं रागावता आलं नव्हतं. मेला असेल या धास्तीनं ती प्रत्येक वेळी राग गिळायची.

आत्याला सांगितल्याशिवाय तिला राहवेना. इज्जा ही यिदिरची आई, आणि तुदाच्या बापाची सख्खी बहीण. म्हातारीला आता उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. तिनं नख हातात घेतलं, टोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग विचारलं, "अगादीरला आपल्यासारखा खजूर मिळतो का गं?" मिळतो, तुदा म्हणाली. त्या संध्याकाळी म्हातारीनं भाकरी मागून घेतली आणि पुरी खाल्ली.

हद्दूनं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. कोर्टात काय नख दाखवणार, म्हणाला. कुणीतरी यिदिरच्या कामाची नक्कल केली असेल. तुदा म्हणाली, नक्कल करणारा चांगलं ते उचलतो, खोड कोण उचलेल? आणि तिच्याकडे याहून पक्की खूण होती. टोकाला धरून ठेवायला आत काहीतरी रोवावं लागतं. यिदिर पाण्याच्या जळक्या मोटरमधली तांब्याची तार दुहेरी पिळून रोवायचा. दुसरं कुणी तसं करत नसे.

"तार निघाली तर मी सही करणार नाही," तुदा म्हणाली.

"आणि नाही निघाली तर?"

"निघेल, भावोजी."

बुधवारी सकाळी तिनं बरणीत गोंद विरघळवणारं अॅसिटोन ओतलं आणि नखाचं टोक त्यात बुडवून ठेवलं. चहाचे तीन पेले झाले. ओल्या मातीसारखं झालेलं टोक तिनं चिमटीत धरून अलगद सोलायला घेतलं. तिला फक्त ती तार हातात धरायची होती, बाकी कोर्टबिर्ट सगळं नंतर. लाल चुरा निघाला, करडा चुरा निघाला, आणि आतून खजुराच्या झावळीचा एक काटा बाहेर आला. त्याला निळ्या लोकरीचा धागा गुंडाळलेला होता.

तिला विचार करावा लागला नाही. यिदिर गेल्यावर तांब्याची तार संपली. दुसरी कुठून आणायची ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती झावळीचे काटे रोवायची, आणि गोंद नीट धरावा म्हणून त्यांना आपल्या मागावरचा धागा गुंडाळायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आपली टोकं सरळ होती, अशीच तिची आजवर समजूत होती. पण ती शिकली होती ती नुसती त्याच्या हातांकडे बघून, आणि तिथे जे दिसलं तेच नखाचं रूप असं तिनं धरलं होतं. चार वर्षं ती धडधाकट बोटांनी प्रत्येक नख डावीकडे वाकवत आली होती. गावातल्या प्रत्येक कारागिराचा हात ओळखणाऱ्या बाईला स्वतःचा हात ओळखू आला नाही. यिदिरचा हात होता खरा, पण तो तिच्यापाशीच होता, अगादीरला नव्हता आणि आणखी कुठेही नव्हता.

बरणीचं झाकण लावून ती आत्याकडे गेली. खोटं बोलता आलं असतं. म्हातारीला काटा आणि तार यातला फरक दिसणार नव्हता. पण तुदाच्या जिभेला ती सवय नव्हती. टोक मीच केलेलं निघालं, असं तिनं सांगून टाकलं. इज्जानं मान डोलावली. हातातला खजूर तिनं परत ताटलीत ठेवला.

"कालचा दिवस बरा गेला गं माझा," ती म्हणाली.

"माझाही, आत्या."

रडणं कुणालाच आलं नाही.

गुरुवारी सकाळी तुदानं बासीदीला नख परत दिलं. बुंधा खरा, टोक माझं होतं, मीच काढलं, म्हणाली. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फडकं बांधलं. मग ती काळी शाल पांघरून हद्दूबरोबर कोर्टात गेली.

कारकून तरुण होता, पण वागायला नीट होता. तो छापील कागदावरचे प्रश्न एकेक वाचून दाखवत होता आणि उत्तरं लिहून घेत होता. नाव, जमात, लग्नाचं वर्ष. मग त्यानं विचारलं, नवऱ्याची शेवटची खबर कधी मिळाली.

"मंगळवारी," तुदा म्हणाली.

कारकुनानं लिहायचं थांबून वर पाहिलं. हद्दू काहीतरी सांगायला पुढे झाला.

"मंगळवारी दुपारी," ती पुन्हा म्हणाली. "बुधवारी सकाळपर्यंत होता."

"बाई, मी इथे काय लिहू?" कारकुनानं हळू आवाजात विचारलं.

"नऊ वर्षं झाली, असं लिहा," तुदा म्हणाली, आणि सहीसाठी पेन मागून घेतलं.