कचऱ्याचे नाव

लीलाताईंनी दवाखान्याच्या निळ्या डब्याचे झाकण वीतभर उचलले, पदराच्या गाठीतून कापराची जुनी डबी काढली आणि तिच्यातली सुई वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये हळूच सोडली. काही आवाज झाला नाही. सात वर्षे त्यांच्या उशाशी जागी असलेली ती वस्तू कागदात शिरली आणि दिसेनाशी झाली.

त्यांनी झाकण लावले. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव होते : डॉ. भालचंद्र, माधवगंज.

हे नाव नवे होते. पूर्वी घरांचा कचरा हातगाडीने जाई, दुकानांचा आणि दवाखान्यांचा खासगी ट्रॉलीने. आणि दोन्ही शेवटी गावाबाहेरच्या एकाच ढिगावर ओतले जात. नव्या नियमाने सगळे एक केले. घर असो की पेढी, दारात तीच लोखंडी चौकट, तिच्यात तेच चार रंगांचे चार डबे, एकच गाडी, आणि प्रत्येक डब्यावर धन्याचे नाव. ढिगावर कचरा निवडणाऱ्या बायकांनाही पालिकेने सामावून घेतले आणि साडीवर घालायला खाकी जाकिटे दिली. निळ्या डब्यात फक्त सुका कचरा. त्यात सुई सापडली तर दवाखान्याला पंधरा दिवस कुलूप, आणि फूलबागेजवळच्या फलकावर डॉक्टरांचे नाव.

नाव. लीलाताईंना तेवढेच हवे होते.

उषा त्यांची धाकटी बहीण. दोघी एकाच ढिगावर बसत. ढिगावरच्या बायकांची एक रीत होती : पोत्यात टोकदार काही आहे असा नुसता संशय आला, तरी जवळच्या लोखंडावर कचरा उपसायचा आकडा दोनदा वाजवायचा. टण्, टण्. तो ऐकला की जिथे असतील तिथून सगळे हात वर. नाव विचारायचे नाही, कारण विचारायचे नाही. आधी हात वर. त्या दिवशी लीलाताई पाणी आणायला गेल्या होत्या. वाजवायला कोणी नव्हते.

पोत्यातली इंजेक्शनची सुई उषाला टोचली, मग कावीळ झाली. चौथ्या महिन्यात उषा गेली. त्या पोत्यात याच दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या. लीलाताई तीच सुई घेऊन इथे आल्या, तेव्हा डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता शांतपणे सांगितले होते,

"बाई, कचऱ्याला नाव नसतं. कुणाचीही असेल."

ते खरेच होते, आणि म्हणूनच ते वाक्य विझले नाही.

"चलो लीलाबाई, अभी हीच लाइन बाकी आहे," गल्लीच्या तोंडाशी निरीक्षक महिपतराव ओरडले. त्यांच्यामागून गाडी आली. गाडीच्या मागच्या फळीवर उभ्या राहून ढिगावरच्या जुन्या सोबती कुसुमताई पोती दाबत होत्या.

"काय गं, आज डॉक्टरांच्या दारात आधीच येऊन उभी?" त्या हसल्या. "ताप-बीप आहे का?"

"आहे," लीलाताई म्हणाल्या. "जुना आहे."

महिपतरावांनी वही उघडली. "निळा डबा चेक करायचा आहे. ताडपत्रीवर पलटी करा."

आतल्या बाकांवर रुग्ण बसले होते. त्यांची डोकी दाराकडे वळली, तसे डॉक्टर भालचंद्र बाहेर आले. केस पांढरे झाले होते. हात मात्र तसेच, स्वच्छ, नखे कापलेली.

"रस्त्यावर कशाला पसारा, महिपतराव? लोक बघतायत."

"रूल आहे साहेब. सबके लिए एकच."

"उत्तमच आहे. मी तर म्हणतो, फार आधी व्हायला हवं होतं." त्यांची नजर लीलाताईंच्या जाकिटावर, मग चेहऱ्यावर थांबली. "तुम्ही पूर्वी ढिगावर असायचात ना? एकीला काहीतरी लागलं होतं तुमच्यातल्या. आता बऱ्या आहेत ना त्या?"

लीलाताईंनी पदराची रिकामी गाठ मुठीत धरली.

"हो," त्या म्हणाल्या. "आता काही दुखत नाही तिला."

"छान, छान." डॉक्टर समाधानाने वळले आणि त्यांनी स्वतःच झाकण उघडले. "पलटी करायची गरज नाही. एकेक कागद काढून दाखवतो. माझ्या डब्यात काही सापडणार नाही."

त्यांनी उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली.

लीलाताईंनी हे योजले नव्हते. ताडपत्री, कागदांचा ढीग, त्यातून चमकणारी सुई, महिपतरावांच्या फोनमधला फोटो, एवढेच रोज रात्री डोळ्यांपुढे येई. त्यात हात नव्हता. हात फक्त उषाचा होता, आणि तो नेहमी ढिगात जाताना दिसे, बाहेर येताना कधीच नाही.

डॉक्टरांनी पहिली घडी काढली. दुसरी काढली. तिसरी खाली दडपली गेली होती. ते वाकले आणि त्यांचा हात कागदांत खोल गेला.

लीलाताईंच्या जाकिटाच्या खिशात जाड रबरी मोजे होते. जिभेवर दोन शब्द होते : हात काढा. त्यांनी खांद्यावरचा आकडा काढला आणि डब्यांच्या लोखंडी चौकटीवर मारला.

टण्, टण्.

गाडीवर कुसुमताईंचे दोन्ही हात पोत्यांतून सुटून वर गेले. ड्रायव्हरने खिडकीबाहेर लोंबता हात आत ओढला. वर्षभर या बायकांबरोबर फिरलेले महिपतरावसुद्धा नकळत वही छातीशी धरून एक पाऊल मागे सरले.

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांचा हात डब्यातच होता.

"काय झालं?" त्यांनी सौम्यपणे विचारले. लीलाताईंकडे एकदा पाहून ते पुन्हा वाकले आणि कागद चाचपू लागले.

कुसुमताईंचे हात अजून वरच होते. त्यांनी आधी डब्याकडे पाहिले, मग लीलाताईंकडे; आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

"लीला," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, त्यांना ते कळत नाही."

लीलाताईंनी आकडा पुन्हा खांद्याला अडकवला.

"मी वाजवलं ना," त्या म्हणाल्या.