न ऐकलेलं टक

"हिला बोलावण्यासारखं काय अडलं होतं?" थोरला बोनेटखाली डोकं घालून पुटपुटला.

"मला ऐकू येतंय हं, दादा," शेजारी वाकलेली धाकटी म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच बोललो."

गाडी चालता चालता बंद पडायची. डिझेल अडवणाऱ्या व्हॉल्व्हची वीज तुटली की इंजिन गप्प, एवढं साधं. थोरल्याने व्हॉल्व्ह बदलला, गाडी परत आली. पुन्हा बदलला, पुन्हा आली. तेव्हा बाबांनी दुसऱ्या गॅरेजात नोकरी करणाऱ्या धाकटीला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "हिने ही गाडी सोडवली, तर वायरिंगचं काम यापुढे हिच्याकडे." इतकी वर्षं इथेच पाठ मोडून घेतलेल्या थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

खरी गोष्ट निराळीच होती. या गॅरेजची रीत अशी, की किल्ली फिरवायची आणि बाबांनी खुर्चीत बसून ऐकायचं. व्हॉल्व्ह 'टक' वाजला तर ठीक, नाहीतर बदला. दोन्ही वेळा थोरल्याला टक स्वच्छ ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "वाजला नाही. मेलाय तो." बाबांचे कान गेलेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, टीव्हीच्या आवाजामुळे शेजाऱ्यांनाही. पण ज्या कानांवर गॅरेजचं नाव झालं, त्यांच्याविषयी तोंड कोण उघडणार? थोरल्याने मुकाट्याने चांगले व्हॉल्व्ह काढून टाकले आणि स्वतः मूर्ख ठरला.

धाकटीने बाबांना विचारलंच नाही. व्हॉल्व्हच्या वायरीला, वीज असेपर्यंतच पेटणारा टेस्टलॅम्प जोडला, इंजिन चालू ठेवलं आणि वायरींचा जुडगा वीतवीत हलवत मागे सरकली. थोरला दिव्याकडे टक लावून बघत होता. तो विझू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. दोष सापडू नये म्हणून जीव टांगणीला लावणारा मेकॅनिक! त्याची त्यालाच लाज वाटली, पण वाटायचं काही थांबलं नाही.

बॅटरी आवळणाऱ्या पट्टीपाशी दिवा विझला. इंजिनही बंद. वायरीचं वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं.

"बघा! लेक कुणाची!" बाबा खुर्चीतून उठलेच.

"आणि मी काय, जुन्या गाडीबरोबर फुकट आलो होतो?"

"काय म्हणतोय हा?"

धाकटीने लॅम्प काढता काढता हळूच विचारलं, "दादा, व्हॉल्व्ह तर दोन्ही चांगले होते. टक वाजलं असणार. कळलं नाही तुला?"

"कळलं होतं."

"मग बदललेस कशाला?"

थोरल्याची नजर बाबांकडे गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मान खाली घातली.

"काय कुजबुजताय दोघं? जरा मोठ्याने बोला की!"

थोरल्याने फडक्याला हात पुसले. बाबांना आपलं तोंड नीट दिसेल असा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला ऐकू येत नाही."