सुमलकचे हिरवे कोंब

मुहय्योनं फडकं उचललं. अंधाऱ्या कोठीच्या दाराजवळच्या परातीतल्या गव्हाच्या पांढऱ्या कोंबांना हिरवी टोकं आली होती.

नवरोज तोंडावर आला होता. उद्या हेच कोंब वाटायचे, त्यांचा रस पीठ-तेलाबरोबर मोठ्या कढईत शिजवायचा, आणि सगळी आळी सुमलक खायला येणार. त्यात साखरेचा कणही पडत नाही. गोडी यायची ती कोंबांतूनच. हिरव्या कोंबांचं सुमलक कडू होतं, आणि ते कडू झालं की नव्या सुनेच्या हाताला बरकत नाही, असं रिश्तोन गावच्या बायका वर्षभर चघळणार. सासूबाईंनी, म्हणजे सानोबरनी, यंदा पहिल्यांदाच गहू तिच्या हाती सोपवला होता.

चूक कुठे झाली हे तिला पक्कं ठाऊक होतं. शाळेत जीवशास्त्र शिकवायची ना! पान उजेड पकडतं, पाणी आणि हवा घेऊन साखर करतं, उन्हाची ताकद त्या साखरेत साठते, हे तिनं परवाच फळ्यावर काढून दाखवलं होतं. उजेड लागला की कोंबही हिरवा होऊन स्वतःचा संसार थाटतो. दाण्यातली गोडी मग आपल्याच वाढीला लावतो. आणि उजेड आत सोडला कुणी? तिनंच. मोड कुजले तर नाहीत ना, या धास्तीनं ती रोज शाळेतून आली की कोठीचं दार सताड उघडून बघत बसायची. इतकी काळजी केली नसती तर ही वेळच आली नसती.

परात पोत्यांमागे लपवावी असंही मनात येऊन गेलं. पण तिला ते जमेना.

"आई, एक परात हिरवी झाली," ती अंगणात येऊन म्हणाली. "रोज उघडून बघत होते मी."

सासूबाईंनी आत येऊन एक कोंब चावला आणि थुंकला. "कडूजहर! गायीला घाल." मग वाकून बाकीच्या पराती पाहिल्या; त्या पांढऱ्याशुभ्र होत्या. "कधी उघडायचीस?"

"दुपारी."

"दुपारीच? सकाळी नाही?"

"नाही हो, शप्पथ."

सासूबाईंनी डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला. "मग सकाळचा उजेड माझा," त्या पुटपुटल्या. "तू शाळेत गेलीस की मी येऊन बघायचे."

मुहय्योला रागही आला आणि हसूही. "म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता?"

"नव्हता." सासूबाईंनी खिशातून कोठीची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. "पुढच्या वर्षी कुलूप लाव. मी मागितली तरी देऊ नकोस."