चौथ्या मजल्याची तेरा मिनिटं

थोरल्या जाऊबाईंनी मला या हॉटेलात कामाला लावलं आणि ते एकही दिवस विसरू दिलं नाही. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे, कारण पक्की नोकरी त्यांची एकटीची. त्यांचे मिस्टर आणि माझे, दोघेही आज आहे उद्या नाही अशा कामांवर. सासूबाईसुद्धा जेवायला काय करायचं ते त्यांना विचारून करत. हॉटेलात चौथ्या मजल्यावर गादीला चादर घालायला मला त्यांनीच शिकवलं. कोपरा चुकला की लाकडी हँगर बोटांवर, तोही सगळ्या बायकांसमोर. बायका हसायच्या. मीही हसायचे, करणार काय.

मग मॅनेजरसाहेबांनी नवीन यंत्रणा आणली. प्रत्येकीच्या मनगटावर एक पट्टा. खोलीत शिरलं की वेळ मोजायला सुरुवात, दार ओढून घेतलं की बंद. वेळ जास्त झाला तर पट्टा थरथरतो आणि लाल होतो. बायका त्याला मुकादम म्हणतात. मी बारावी झालेली, म्हणून मजल्याचा टॅब माझ्या हातात आला. तेव्हा जाऊबाईंचं तोंड कसं उतरलं, ते मी अजून आठवून आठवून बघते.

यंत्रणा बसवायला आलेल्या माणसाने मला सगळं नीट समजावलं होतं. पहिले तीन दिवस मोजणी, प्रत्येक मजल्यावर एकाच बाईची. तिला जेवढा वेळ लागेल तेवढाच मजल्यावरच्या सगळ्यांना मिळणार. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना कुठूनतरी याचा वास लागला. त्यांनी आपल्यातली सगळ्यात संथ बाई पुढे केली आणि तिने एकच आरसा तीनदा पुसला. आमच्याकडून जाऊबाई उभ्या राहिल्या, दुसऱ्या कोणाची टाप होती? त्यांना मोजणी कशासाठी ते ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावरची म्हणे अठरा मिनिटांत खोली करते. तुम्हाला जमेल का आता, या वयात?"

"या वयात म्हणजे? बघच तू."

अठरा हा आकडा मी मनाने ठोकून दिला होता. त्या बाईला सत्तावीस मिनिटं लागली होती.

जाऊबाईंनी बाथरूमसकट खोली तेरा मिनिटांत लख्ख केली. एकदा नाही, तिन्ही दिवस. तिसऱ्या दिवशी घाम पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता बोल, अशा थाटात. मी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या सोमवारपासून चौथ्या मजल्याला तेरा मिनिटं लागू झाली. बायकांनी जाऊबाईंना शिव्या घातल्या, आधी पाठीमागे, मग तोंडावर. चादर खोचायची तर जड गादी एकीने उचलून धरावी लागते. पूर्वी हाक मारली की शेजारच्या खोलीतून कोणीतरी यायचीच, मोजणीच्या वेळीही आली होती. आता जाऊबाईंच्या हाकेला कोणी ओ देईना. एकटीने गाद्या उचलून त्यांचा खांदा सुजला आणि तेराची सोळा मिनिटं व्हायला लागली.

एका आठवड्यात तीनदा लाल झालं की काम सुटलं. पण टॅबमध्ये कारणाचा एक रकाना आहे. लाल झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत मी तिथे काही निवडलं, पाहुणा उशिरा निघाला, नळाला पाणी नव्हतं, असं काहीही, की लाल पुसलं जातं. बाकीच्या बायकांसाठी मी रोज निवडायचे. जाऊबाईंसाठी एकदाही नाही. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्यांदा लाल झाल्यावर त्या चादरींच्या खोलीत माझ्याजवळ आल्या. "तुझ्या हातात असतं म्हणतात. मी कधी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

"मशीनच ठरवतं सगळं, जाऊबाई. माझं काय चालतंय."

शनिवारी त्या धावतच आल्या. पाहुण्यांनी बाथरूममध्ये ग्लास फोडून ठेवला होता. काचा वेचताना त्यांचा तळहात कापला होता आणि मनगटावर तिसरं लाल.

"हे कारण तर खरं आहे ना," त्या म्हणाल्या. "लिही गं. पाया पडते तुझ्या."

अजून चार मिनिटं होती. त्यांच्या बोटांवरून रक्त ओघळत होतं.

"आधी हात धुवून या," मी म्हटलं, "चादरींना डाग लागतील. लिहिते मी."

त्या गेल्या. मी चादरींच्या गठ्ठ्यावर टॅब उपडा ठेवला.

त्या हाताला फडकं बांधून परत आल्या, तोवर पडद्यावर त्यांच्या नावापुढे 'काम समाप्त' आलं होतं. त्यांनी ते एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"तुला लिहिता आलं असतं ना?"

"आलं असतं."

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. मी तयारीतही होते. पण त्यांनी मनगट पुढे केलं आणि मी पट्टा काढून घेतला.

"घरी मी माझ्या तोंडाने सांगेन," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी ठेव माझं. तू काही बोलू नकोस."

"नाही बोलत," मी म्हटलं.

त्या हात धुवायला गेल्या होत्या तेव्हाच मी सासूबाईंना फोन करून मोकळी झाले होते.